बुडीत शेतांवरील वनस्पतींचा पालट

माजलगावच्या धरणाचे पाणी चैत्र-वैशाखात उतरले म्हणजे सिंदफणेच्या खोऱ्यातील जुन्या शेतांची ओळख पुन्हा पटू लागते. कोठे बांधाची रेघ दिसते, कोठे बुजलेल्या विहिरीचे वर्तुळ, कोठे पाण्याने मारलेल्या बाभळीचा काळा बुंधा. ज्या कुटुंबांच्या जमिनी जलाशयात गेल्या, त्यांतील वृद्ध माणसे कोणते शेत कोणाचे होते हे आजही बोट दाखवून सांगू शकतात. हे धरण १९८७ साली पूर्ण झाले. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील ते मुख्य काम होय. सिंदफणेच्या स्वतःच्या पाण्याखेरीज पैठणच्या जलाशयातून उजव्या कालव्याने येणारे पाणीही त्यात साठविले जाते.

या जमिनींवरील नियमित नांगरट थांबून चार दशके होत आली. इतक्या काळात तेथे काय उगवले, काय नाहीसे झाले आणि जे उगवले ते का टिकले, हा केवळ वनस्पतिशास्त्राचा प्रश्न नव्हे. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन गाळपेरीसाठी भाडेपट्ट्याने दिली जाते आणि ज्यांची शेते प्रकल्पात गेली त्यांना तीत अग्रक्रम असतो. परंतु पट्ट्याचा कागद हाती आला आणि जागेवर जाऊन पाहावे तो वेड्या बाभळीचे रान माजलेले, अशी स्थिती असेल तर त्या अग्रक्रमाचा उपयोग काय? यास्तव बुडीत जमिनीवरील वनस्पतींचा पालट कोणत्या क्रमाने होतो हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. क्रम समजला तर हात कोठे व केव्हा घालावयाचा हे कळते.

पाण्याचे तीन पट्टे

मराठवाड्यातील काळ्या जमिनीवरील कोणत्याही मोठ्या जलाशयाचा काठ नीट न्याहाळल्यास त्याचे तीन पट्टे दिसतात. ते माणसाने आखलेले नसून पाणी किती दिवस उभे राहते यावरून पडलेले असतात.

सर्वांत खालचा पट्टा क्वचितच उघडा पडतो. तेथे पाण्यातील शेवाळ व पाणगवत असते. दुष्काळी वर्षी तो उघडा पडला तर भेगाळलेल्या गाळाखेरीज फारसे काही दिसत नाही. जमिनीतील हवा पाण्याने हुसकून लाविलेली असते. मुळांना श्वास घेता येत नाही. ओला गाळ उकरल्यास निळसर करडा रंग दिसतो व कुजट वास येतो. अशा ठिकाणी शेतातील जुनी तणे प्रारंभीच मरतात, आणि त्यांचे बी असलेच तर गाळाखाली गाडले जाते.

मधला पट्टा दरवर्षी बुडतो व दरवर्षी उघडा होतो. गाळपेरीची खरी जमीन ती हीच. येथे पाणी मागे सरले की ओल्या चिखलावर माका, माशीपत्री, जलपिंपळी, लव्हाळा आणि काटेरी बोंडांचा शंकेश्वर झपाट्याने वर येतात. यांतील बहुतेक झाडे अल्पायुषी असतात. ओल आहे तोवर उगवावे, फुलावे, बी टाकावे आणि पाणी परत येण्यापूर्वी संपून जावे, असा त्यांचा संसार असतो. म्हणून या पट्ट्यात चाळीस वर्षांनंतरही वनस्पतींची वाटचाल फारशी पुढे गेलेली नसते. पावसाळ्यानंतर पाणी चढते आणि मांडलेला डाव मोडून टाकते. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून आरंभ होतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. जे काम अन्यत्र नांगराला करावे लागते ते येथे पाणी करून जाते.

खरी अडचण वरच्या पट्ट्यात आहे. जलाशय काठोकाठ भरेल त्याच वर्षी येथे पाणी पोहोचते, आणि मराठवाड्यात अशी वर्षे नेमाने येत नाहीत. बीड जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे साडेसहाशे मिलिमीटर, तेही लहरी. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडे पडले होते. लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले ते त्याच वर्षी, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस तेच धरण भरले. अशा चढउतारात वरचा पट्टा सलग काही वर्षे कोरडा राहतो. तेवढ्या अवधीत बहुवर्षायू झाडे तेथे पाय रोवतात. प्रथम हरळी जुन्या बांधावरून पसरते, गाजरगवत मोकळी जागा धरते, ओलसर घळीत बेशरम उभा राहतो आणि शेवटी वेडी बाभूळ सर्वांवर सावली धरते.

वेड्या बाभळीचे बी पाण्याबरोबर येते त्याहून अधिक जनावरांच्या पोटातून येते. उन्हाळ्यात चारा नसला की शेळ्या व गुरे तिच्या गोड शेंगा आवडीने खातात. कठीण कवचाचे बी न पचता शेणालेंड्यांतून बाहेर पडते, आणि पाण्यावर जाणाऱ्या गुरांच्या वाटेने ते थेट काठावर पेरले जाते. कोवळे रोप दीर्घकाळ पाण्याखाली राहिल्यास मरते. परंतु दोन-तीन वर्षे पाणी आले नाही तर तेच रोप मोठे होते, मूळ खोल जाते, आणि मग पाणी आले तरी ते सहजासहजी हटत नाही. खालच्या बाजूची झाडे मेली तरी त्यांचे काटेरी बुंधे राहतात. ते नांगराच्या फाळाला अडतात आणि मासेमारीची जाळीही फाडतात.

जेथे ओढा जलाशयाला मिळतो किंवा कालव्याचे पाणी झिरपते, तेथे पाणकणसाची दाटी होते. त्याच्या देठात व पानांत हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांतून हवा मुळांपर्यंत पोहोचते. म्हणून गुदमरलेल्या चिखलातही ते सुखाने वाढते. पाणकणीस दिसले म्हणजे तेथे बारमाही ओल आहे असे खुशाल समजावे.

नदीकाठ का परतला नाही

सिंदफणेच्या मूळ काठावर करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज अशी झाडे आढळतात. शेते पाण्याखाली गेली, नवा काठ तयार झाला, तर ही झाडे नव्या काठावर का येऊ नयेत, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे एक उत्तर ऋतूंमध्ये आहे. नदीला पूर येतो तो पावसाळ्यात, आणि काही दिवसांत ओसरतो. काठची झाडे या क्षणिक पुराला सरावलेली असतात. जलाशयाची रीत उलटी असते. तो पावसाळ्याच्या शेवटी भरतो, हिवाळाभर भरलेला राहतो आणि उन्हाळ्यात उतरतो. झाडांची मुळे महिनोन्महिने बुडालेली, आणि पुढे कडक उन्हात तीच जमीन हातभर भेगाळलेली. करंजाचे रोप एक वेळ पुरातून वाचेल, पण हिवाळाभर पाणी आणि उन्हाळाभर भेगा हा दुहेरी मार त्याला सोसत नाही. तो सोसणारी झाडे बहुधा परदेशातून आलेली व कोठेही रुजणारी असतात. बेशरम हे नाव लोकांनी विचार करूनच ठेविले आहे.

दुसरे उत्तर जमिनीच्या पोटात आहे, आणि ते समजण्यास बीड जिल्ह्याबाहेर पाहावे लागते. येथील मोठे जलाशय अलीकडचे आहेत. पाण्याखाली गेलेल्या शेताचे शंभर वर्षांनी काय होते हे येथे अद्याप कोणास पाहता आलेले नाही. समुद्रकाठच्या शेतकऱ्यांनी मात्र हा अनुभव पुष्कळ पूर्वी घेतला आहे.

समुद्राने घेतलेली शेते

कोकणात खाडीच्या दलदलीला बांध घालून भातशेती करण्याची पद्धत जुनी आहे. समुद्राकडील मोठ्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात. आतील पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडण्यासाठी त्यात उघाडी ठेवलेली असते. मुंबई राज्याने १९४८ साली खार जमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला आणि पुढे १९७९ साली महाराष्ट्राचा खार जमीन विकास अधिनियम आला, यावरून या जमिनींचे महत्त्व ध्यानात यावे. काळा रत्ता, भुरा रत्ता या भाताच्या जुन्या जाती आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने दिलेल्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती याच जमिनींसाठी आहेत.

उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली आणि ती वेळीच बुजविली गेली नाही, तर खारे पाणी शेतात येऊ लागते. रायगड जिल्ह्याच्या पेण व अलिबाग तालुक्यांत अशा रीतीने पुष्कळ शेते गेली आहेत. प्रथम भाताची धसकटे कुजतात व बांधावरील गवत पिवळे पडते. उन्हाळ्यात जमिनीवर मिठाची पांढरी साय दिसते. मग जाड, रसदार पानांच्या बुटक्या खारवनस्पती येतात. त्यांच्या आडोशाला गाळ साचतो, आणि भरतीबरोबर वाहत आलेले तिवराचे बी त्या गाळात रुजते. पाठोपाठ काटेरी पानांची मारांडी येते. काही वर्षांत जेथे लावणी होत असे तेथे तिवराचे रान उभे राहते.

येथे वनस्पतींचा पालट हा शेतकऱ्याच्या हक्काचाही पालट होऊन बसतो. तिवर, कांदळ यांची वने किनाऱ्याचे रक्षण करतात आणि मासळीच्या पिलांना आश्रय देतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली व पुन्हा २०१८ साली त्यांच्या संरक्षणाचे कडक आदेश दिले. ते योग्यच आहेत. परंतु ज्याच्या सातबारावर भातशेती लिहिलेली आहे व शेतात तिवर उभा आहे, त्या शेतकऱ्याला ते रान तोडता येत नाही आणि भातही लाविता येत नाही. पहिल्या वर्षी बुजविली असती तर थोड्या मजुरीत भागली असती अशी खांड दहा वर्षांनी कोणत्याही मजुरीत भागत नाही.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एसेक्स परगण्यात हीच गोष्ट दीर्घकाळ अभ्यासिली गेली आहे. तेथे टोल्सबरी या ठिकाणी १९९५ च्या ऑगस्टमध्ये सुमारे २१ हेक्टर शेतजमिनीचा समुद्रबांध सरकारनेच मुद्दाम फोडला. किनाऱ्यास दलदलीचे संरक्षण मिळावे हा हेतू होता. उंच भागात रसदार पानांची खारवनस्पती थोड्याच वर्षांत पसरली, सखल भाग मात्र बराच काळ उघडा चिखल राहिला. त्याच किनाऱ्यावर १८९७ च्या वादळात फुटलेल्या बांधांमागील शेतेही आहेत. अशा जुन्या बुडीत शेतांची तुलना कधीही न नांगरलेल्या दलदलीशी केली गेली तेव्हा असे आढळले की, पन्नास ते शंभराहून अधिक वर्षांनंतरही दोहोंतील वनस्पती सारख्या झालेल्या नाहीत. काही बहुवर्षायू फुलझाडे जुन्या शेतांवर अजूनही विरळ आहेत.

याचे कारण शेतीतच सापडते. बांधामागे असताना ती जमीन वाळून खचली होती. तिच्यातील पाण्याच्या लहान नैसर्गिक नाळी शेतकऱ्यांनी बुजविल्या होत्या, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या मशागतीने माती दाबली गेली होती. समुद्राने वर नवा गाळ आणून टाकला, तरी खालचा घट्ट थर तसाच राहिला. वरचे पाणी खाली मुरेना, बाजूने वाहून जाईना. ज्या झाडांना निचरा लागतो ती आली नाहीत, ज्यांना चिखल चालतो ती टिकली. शेत नाहीसे झाले, पण शेताची घडण गेली नाही.

सिंदफणेच्या काठी खारे पाणी नाही, आणि काळी माती दर उन्हाळ्यात भेगाळत असल्याने तिच्यातील घट्ट थर काही अंशी मोडतो. तरीही जुने बांध, जुने पाट व सपाट केलेली वाफे-रचना पाण्याची वाट आजही ठरवितात. बांधाच्या वरच्या अंगाला गाळ व ओल साचते म्हणून तेथे लव्हाळा, आणि बांधाच्या माथ्यावर कोरडे म्हणून हरळी व बाभळीचे रोप, असा फरक पाच पावलांवर दिसतो.

गाळपेरीच्या जमिनीची राखण

यावरून करावयाचे काम ठरते. मधल्या पट्ट्याची काळजी पाणीच घेते. तेथे पाणी सरकेल तसतशी हरभरा, करडई, ज्वारी आणि पुढे उन्हाळ्यात टरबूज, काकडी किंवा चाऱ्यासाठी मका व कडवळ पेरावे. २०१८ च्या दुष्काळात शासनाने गाळपेरीच्या जमिनी चाऱ्यासाठी नाममात्र भाड्याने देण्याचे ठरविले होते, ते याच पट्ट्याच्या भरवशावर. या पाण्यावर बीड शहरासह अनेक वस्त्यांची तहान भागते, म्हणून येथे तणनाशके व कीटकनाशके वापरण्याचा मोह टाळावा. उरलेले विष पुढच्या पावसाळ्यात पाण्यातच जावयाचे असते. गाळ मुळात कसदार असल्याने वरखताची गरजही थोडीच लागते.

सगळा भर वरच्या पट्ट्यावर द्यावा, आणि तोही पाणी न आलेल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीच. वेड्या बाभळीचे हातभर उंचीचे रोप ओल असताना खुरप्याने मुळासकट निघते. तेच चार वर्षांनी काढावयाचे तर कुदळ, पहार आणि दोन माणसांचा दिवस लागतो. मोठे झाड नुसते जमिनीलगत तोडू नये. तोडलेल्या बुंध्यातून अनेक धुमारे फुटतात व एका झाडाचे झुडूप होते. बुंध्याभोवती वीत-दीड वीत खणून मुळाचा गड्डा काढावा. लाकूड सरपणास किंवा कोळशास जाते, त्यामुळे मजुरीचा काही भाग निघतो. शेंगा पिकण्याच्या दिवसांत गुरे त्या झाडांखालून थेट काठावर सोडू नयेत, हे सांगणे सोपे व पाळणे अवघड आहे. निदान ज्या वर्षी गाळपेर करावयाची त्या वर्षी तरी ते पाळावे.

बेशरमाचे तुकडे कोठेही पडले तरी रुजतात. उपटलेली झाडे पाण्यात लोटून देण्याची सवय फार हानिकारक आहे, कारण ती पुढच्या काठाला जाऊन लागतात. उन्हात पसरून पूर्ण वाळल्यावरच ती जाळावीत. शेळ्यांना या पाल्याची चटक लागते व त्यातील विषाने त्या खंगत जाऊन मरतात. म्हणून बेशरमाचे कुंपण करणेही हिताचे नाही.

कालव्याखालील पाणथळ

धरणाच्या वरील बाजूस पाण्याने शेते घेतली ती उघडपणे. खालील बाजूस, कालव्याच्या लाभक्षेत्रात, पाणी जमिनीखालून येते आणि म्हणून उशिरा ध्यानात येते. खोल काळी जमीन, उसाला सढळ पाणी आणि निचऱ्याचा अभाव एकत्र आले की भूजल वर चढते व जमीन चिबड होते. येथेही वनस्पती आधी सांगतात. सखल कोपऱ्यातील हरभरा व तूर प्रथम पिवळी पडून बसते, मग लव्हाळा व हरळी जोर धरते, चारीत पाणकणीस दिसते. जमिनीवर पांढरा पोपडा येऊन रुदंतीसारखी खारवट झाडे उगवू लागली, म्हणजे क्षार वर आले हे निश्चित.

कोकणातील खार जमीन बांध दुरुस्त होताच काही पावसाळ्यांत धुऊन निघते, कारण तेथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बीड जिल्ह्यात तो पाऊस नाही. येथे एकदा वर आलेले क्षार निचऱ्याची चर खणल्याखेरीज व पाणी आवरल्याखेरीज खाली जात नाहीत. हिरवळीसाठी धैंचा गाडणे उपयोगी आहे. माती चोपण झाली असेल तर परीक्षणाप्रमाणे जिप्समही द्यावे. पण निचऱ्यावाचून दोन्ही व्यर्थ ठरतात. पाणकणीस चारीतून शेतात शिरण्यापूर्वीच चर खणली गेली पाहिजे.

नोंद कशी ठेवावी

पालट हळूहळू होतो, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी जलाशयकाठच्या गावातील कार्यकर्त्याने पूर्ण भरलेल्या पाण्याच्या रेषेपासून खाली उताराला सरळ एक ओळ धरावी आणि दर पंचवीस पावलांवर दगडाची खूण करावी. खुंट चालत नाहीत. ते सरपणात जातात. दरवर्षी होळीच्या सुमारास प्रत्येक दगडाभोवती एक पाऊल त्रिज्येत कोणती झाडे आहेत, वेड्या बाभळीची रोपे किती, आणि पाणी तेथून कोणत्या महिन्यात सरले, एवढे वहीत लिहावे. झाडाचे शास्त्रीय नाव ठाऊक नसल्यास गावातील नाव लिहावे आणि एक फांदी जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवावी. कोणत्या दगडाजवळ पूर्वी कोणाचे शेत होते, तेथे काय पिकत असे, हेही गावातील वृद्धांना विचारून त्याच पानावर लिहावे. ही माहिती देणारी माणसे थोडी राहिली आहेत, म्हणून हे काम पहिल्याच वर्षी उरकावे.